बुटांच्या खोक्यातली बेसबॉल कार्डं: कोणती ग्रेड करायची, कोणती तशीच विकायची

तीन वर्षांपूर्वी एका शनिवारी समोरच्या घरातल्या आजी बुटांचं एक खोकं घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. आजोबांना जाऊन वर्ष होत आलं होतं, घर विकायला काढलं होतं आणि माळा आवरताना हे खोकं निघालं होतं. “तू हिशेबातली माणूस, तुला कळेल,” एवढाच त्यांचा तर्क. आत साडेतीनशेच्या आसपास बेसबॉल कार्डं होती. बहुतेक १९५२ ते १९७१ मधली, वर्षावार रबरबँड लावून बांधलेली. मी न्यू जर्सीत १९८८ पासून राहते, पण बेसबॉलचे नियम मला अजून धड येत नाहीत. हे सांगते ते एवढ्यासाठी की या कामाला खेळ कळावा लागत नाही. फूटपट्टी, भिंग, चिकाटी असली आणि वजाबाकी येत असली की भागतं.

वजाबाकी मुद्दाम म्हटलं. पहिल्या खेपेला मी उत्साहाच्या भरात चोवीस कार्डं ग्रेडिंगला, म्हणजे अवस्था तपासून कार्डाला आकडा देणाऱ्या कंपनीकडे, पाठवली आणि त्यातल्या पाचांनीच आपला खर्च भरून काढला. उरलेली एकोणीस प्लास्टिकच्या सुबक डब्यांत बंद होऊन परत आली. ती तशीच विकली असती तर जास्त पैसे हाती आले असते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्यानंतर मी जो क्रम पाळते तो इथं देते आहे. अमेरिकेतल्या मराठी घरांत अशी खोकी येतच असतात. कुणाला विकत घेतलेल्या घराच्या तळघरात सापडतात, कुणी गराज सेलमधून वीस डॉलरला उचलून आणतं, कुणाकडे मुलांच्या लहानपणीची पडून असतात.

भारतातल्या वाचकांना कल्पना यावी म्हणून सांगते: माझे भाचे ‘बिग फन’ बबलगममधून निघणारी क्रिकेटपटूंची चित्रं जमवायचे, धावा आणि विकेटा मोजत. अमेरिकेत हाच प्रकार शंभर वर्षं आधी सुरू झाला, आधी सिगारेटच्या पाकिटातून आणि पुढे च्युइंगगमच्या पुड्यातून. फरक इतकाच की इथं त्या चित्रांचा बाजार झाला. १९५२ च्या टॉप्स कंपनीच्या मिकी मँटलच्या एका अप्रतिम अवस्थेतल्या कार्डाला ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले. ही बातमी वाचूनच लोक माळ्यावर चढतात.

आधी हात धुवा, मग खोकं उघडा

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. क्रीम नको, केसांना लावलेलं खोबरेल तर नकोच. जुना पुठ्ठा तेल टिपकागदासारखा पितो. रबरबँड ओढून काढू नका, कात्रीने कापा. आजींच्या प्रत्येक गठ्ठ्यातलं वरचं आणि खालचं कार्ड रबरबँडने कडेला खाचलेलं होतं. जुन्या गठ्ठ्यात सगळ्यात आवडता खेळाडू पोरं वरच ठेवायची, त्यामुळे नुकसानही त्याचंच जास्त.

काहीही पुसू नका. खोडरबर नको, ओला कापूस नको, घडी घालवायला पुस्तकाखाली दाबणं नको. इस्त्रीचं तर नावच काढू नका, हसू नका, लोक करतात. केलेली दुरुस्ती ग्रेडिंगवाल्यांना कळली की कार्डाला आकडा मिळत नाही, ‘बदल केलेलं’ असा शिक्का मिळतो. मळकं पण जसंच्या तसं कार्ड त्याहून कितीतरी बरं.

दुकानातून पेनी स्लीव्ह म्हणतात ती पातळ पारदर्शक पाकिटं शंभराच्या हिशेबाने आणा. नाव दिसेल अशा प्रत्येक कार्डाला एक घाला. जुन्या अल्बमची मऊ, चिकट वास येणारी पानं असतील तर कार्डं त्यातून लगेच बाहेर काढा. ते प्लास्टिक वर्षानुवर्षांत कार्डाच्या चकाकीवर उतरतं.

कार्ड कोणतं आणि कुठल्या सालचं

मागच्या बाजूला एक क्रमांक असतो. कंपनीचं नाव, वर्ष, हा क्रमांक आणि खेळाडू या चार गोष्टी जुळल्या की कार्डाची ओळख पटली. वर्ष छापलेलं नसेल तर मागचे आकडे बघा. शेवटचा हंगाम १९६१ चा असेल तर कार्ड बहुधा १९६२ चं. क्रमांक आणि नाव शोधयंत्रात टाकलंत तरी पाच मिनिटांत काम होतं.

मग ढीग करा. पहिल्या ढिगात बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममधले, म्हणजे खेळाच्या सन्मान-संग्रहालयात मान मिळालेले खेळाडू. कूपर्सटाउनच्या त्या संग्रहालयाची यादी नेटवर आहे, ती छापून शेजारी ठेवा. मँटल, विली मेज, हँक ॲरन, जॅकी रॉबिन्सन, रॉबर्टो क्लेमेंटे, सँडी कूफॅक्स ही नावं आठवड्याभरात पाठ होतात. दुसऱ्या ढिगात रूकी कार्डं, म्हणजे खेळाडूचं पहिलं कार्ड. ॲरनचं १९५४ चं टॉप्स १२८, कूफॅक्सचं १९५५ चं १२३, क्लेमेंटेचं त्याच वर्षीचं १६४, पीट रोझचं १९६३ चं ५३७, नोलन रायनचं १९६८ चं १७७. शेवटची दोन कार्डं फार जण हातातून निसटू देतात, कारण एकेका कार्डावर दोन ते चार अनोळखी तरुणांची तोंडं असतात आणि आपला माणूस त्यातलाच एक असतो. रायन तर जेरी कूसमनच्या शेजारी अर्ध्या कार्डावर आहे.

तिसरा ढीग ‘हाय नंबर’चा. टॉप्स हंगामभर टप्प्याटप्प्याने कार्डं काढायची. शेवटचा टप्पा दुकानात पोचेपर्यंत पोरांचं लक्ष फुटबॉलकडे गेलेलं असायचं, म्हणून ती कार्डं कमी विकली जायची आणि आज कमी सापडतात. १९५२ च्या संचात ३११ ते ४०७ ही अशी कार्डं. न विकलेली खोकी वर्षानुवर्षं गोदामात जागा अडवत होती. शेवटी १९६० च्या सुमारास टॉप्सच्या साय बर्गरने ती बार्जवर चढवून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे अटलांटिकमध्ये बुडवली. आमच्या इथल्या किनाऱ्यावर फिरताना हे आठवलं की पोटात कालवतं. त्या संचातला मँटलचा क्रमांक ३११. गंमत म्हणजे हे कार्ड प्रत्येक छपाई-तावावर दुप्पट छापलं गेलं होतं, म्हणजे आपल्या टप्प्यात ते दुर्मिळ नव्हतंच. भाव नावाचा आहे.

उरलेली सगळी ‘कॉमन’. साडेतीनशेपैकी तीनशे इथंच जातील. वाईट वाटून घेऊ नका.

खोक्यातली कार्डं १९८७ ते १९९३ च्या दरम्यानची असतील तर ‘जुनं ते सोनं’ विसरा. त्या वर्षांत कंपन्यांनी कार्डं इतकी छापली, आणि लोकांनी गुंतवणूक म्हणून ती इतकी जपून ठेवली, की आजही न उघडलेली खोकी हव्या तितक्या संख्येने मिळतात. इथले शौकीन त्या काळाला ‘जंक वॅक्स’ म्हणतात. १९८९ च्या अपर डेकचं एक क्रमांकाचं केन ग्रिफी ज्युनियरचं कार्ड यासारखे अपवाद आहेत, पण तेही निर्दोष असेल तरच.

अस्सल की पुनर्मुद्रित

फसवणुकीपेक्षा इथं गोंधळच जास्त असतो. कंपन्यांनीच आपल्या जुन्या संचांच्या प्रती नंतर काढल्या, कुणीतरी त्या प्रामाणिकपणे घेतल्या आणि तीस-चाळीस वर्षांनी त्या ‘आजोबांच्या’ झाल्या. टॉप्सने १९८३ मध्ये १९५२ चा संच पुन्हा छापला. मागे तसं लिहिलेलं आहे आणि आकारही वेगळा आहे.

म्हणून फूटपट्टी. टॉप्सची १९५२ ते १९५६ ची कार्डं साधारण ६७ बाय ९५ मिलिमीटर. १९५७ पासून आजचा रूढ आकार आला, ६३.५ बाय ८९. १९०९ ते १९११ मधली तंबाखूची ‘टी-२०६’ कार्डं फक्त ३७ बाय ६७ च्या आसपास. १९५२ चं म्हणून समोर आलेलं कार्ड ८९ मिलिमीटर उंच भरलं तर पुढे काही बघायचं कारण नाही.

नंतर दहापट मोठं दाखवणारं भिंग. त्या काळच्या छपाईत चित्र ठिपक्यांचं असतं, पण काळी अक्षरं आणि रेषा एकसंध शाईच्या. अक्षरंही ठिपक्यांनी बनलेली दिसली तर ते छापील कार्डाचा फोटो काढून पुन्हा छापलेलं आहे. तिसरी चाचणी अंधाऱ्या खोलीत, अतिनील दिव्याखाली. दुसऱ्या महायुद्धानंतर कागदात उजळपणासाठी रसायनं घालायला लागले, ती निळसर-पांढरी चमकतात. युद्धाआधीचं म्हणवणारं कार्ड ट्यूबलाइटसारखं उजळलं तर ते तसं नाही. हाच दिवा आणखी एका कामाला येतो: १९७१ च्या टॉप्सला काळी किनार आहे, तिचे टवके उडून पांढरं दिसतं आणि कुणीतरी ते मार्करने काळं केलेलं असतं. दिव्याखाली शाई वेगळी दिसते. कार्डाच्या जाडीकडे आडवं बघितलं तरी काळं झिरपलेलं कळतं.

भिंगाखाली अवस्था

इथं घाई करायची नाही. मी एका बैठकीत वीसपेक्षा जास्त कार्डं बघत नाही, त्यापुढे डोळा उदार होतो.

ग्रेड १ ते १० च्या आकड्यात देतात. चार गोष्टी बघतात: चित्र चौकटीत मधोमध आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग. मधोमध असण्याला सेंटरिंग म्हणतात आणि ते मोजता येतं. डावी-उजवी पांढरी किनार मिलिमीटरमध्ये मोजा, बेरजेशी प्रमाण काढा. ५ आणि ३ असेल तर साधारण ६३-३७. पीएसए या कंपनीच्या मोजपट्टीत ९ साठी समोरून ६०-४०, ८ साठी ६५-३५ आणि ७ साठी ७०-३० च्या आसपास चालतं. आजींचं रायनचं कार्ड कोपऱ्यांनी सुंदर होतं, पण वरून खाली ८५-१५ ने सरकलेलं. डोळ्याला पहिल्यांदा ते जाणवलंच नाही, पट्टीने पकडलं.

कोपरे भिंगातून बघा. टोक टोकदार आहे, धागा सुटल्यासारखं पांढरं झालंय, की गोल झालंय? पन्नासच्या दशकातल्या हातात खेळलेल्या कार्डाचे कोपरे गोल असणारच.

खरा घात सुरकुतीत असतो. कार्ड दिव्याखाली तिरपं धरा आणि हळूहळू फिरवा. समोरून न दिसणारी केसाएवढी रेघ प्रकाशात अचानक चमकते. घडी असलेलं कार्ड बाकी कितीही देखणं असलं तरी ४ च्या वर जाणं अवघड. माझ्या त्या एकोणीस कार्डांपैकी अकरा अशा रेघांनी बुडवली. ती मी ६ किंवा ७ धरून पाठवली होती, आली ३ आणि ४ होऊन. आता मी प्रत्येक कार्ड दोन वेगवेगळ्या दिवशी तिरप्या प्रकाशात बघते आणि मनातल्या आकड्यातून एक वजा करते.

मागची बाजू विसरू नका. गमचा तपकिरी डाग, पाकिटाच्या मेणाचा चकचकीत पट्टा, अल्बममध्ये डकवल्यामुळे सोललेला कागद, हे सगळं ग्रेड खाली आणतं. पेनची खूण तर हमखास. संचाची यादी छापलेल्या कार्डांवर पोरं आपल्याकडे असलेल्या खेळाडूंपुढे बरोबरच्या खुणा करत, आणि खेळाडूने संघ बदलला की समोरच नवं नाव लिहीत. पीएसए अशा कार्डाला मूळ आकडा देऊन पुढे ‘एमके’ जोडते. ‘ओसी’ म्हणजे सेंटरिंग सरकलेलं, ‘एसटी’ म्हणजे डाग. ही अक्षरं नको असं अर्जात कळवता येतं, मग त्याऐवजी आकडाच साधारण दोनने उतरतो.

शेवटी कातरणं. झिजलेली कड छाटून सरळ करण्याचा उद्योग फार जुना आहे. संशयित कार्ड त्याच वर्षाच्या दोन-तीन कॉमन कार्डांवर ठेवून चारी बाजू जुळवा. अर्ध्या मिलिमीटरने आत गेलेलं आणि एकाच कडेला कोऱ्या ब्लेडसारखं धारदार असलेलं कार्ड बाजूला काढा. पण उलटी चूकही करू नका. कॅनडातल्या ओ-पी-ची कंपनीच्या हॉकी कार्डांच्या कडा मुळातच खरबरीत असतात, ते कारखान्याचं कापणं आहे. तज्ज्ञही चुकतात, हेही लक्षात असू द्या. पीएसएने १९९१ मध्ये आपल्या कामाची सुरुवात ज्या होनस वॅग्नरच्या टी-२०६ कार्डाला ८ देऊन केली, त्याच्या कडा आपण कातरल्याची कबुली बिल मास्ट्रो या लिलावदाराने २०१३ मध्ये न्यायालयात दिली.

वजाबाकी

आता भाव. विक्रेते मागतात ती किंमत बघू नका, एखाद्या कार्डाला कुणी दहा हजार मागितले म्हणून ते दहा हजारांचं होत नाही. ईबेवर ‘विकलेल्या वस्तू’ हा पर्याय निवडला की गेल्या सुमारे तीन महिन्यांत प्रत्यक्ष कितीला गेलं ते दिसतं. घासाघीस करून ठरलेली किंमत तिथं लपते. ती १३०पॉइंट या संकेतस्थळावर मिळते. पीएसएच्या संकेतस्थळावर लिलावातले जुने भाव आणि कोणत्या ग्रेडची किती कार्डं आहेत याची मोजणी फुकट बघता येते. प्रत्येक कार्डासाठी किमान पाच विक्री बघा, सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची सोडून द्या.

समजा, एखादं कार्ड तसंच विकलं तर ६० डॉलर येतात आणि तुमच्या अंदाजाच्या ग्रेडमध्ये १०० डॉलर. चाळीस डॉलरचा फायदा दिसतो ना? ईबे साधारण १३ टक्के घेतं, म्हणजे तसं विकल्यावर हातात ५२ उरतात. ग्रेड केलेल्यातून १३ गेले, राहिले ८७. ग्रेडिंगचे ३० धरा, जाण्यायेण्याचं टपाल आणि विमा कार्डामागे ६. राहिले ५१. वर दोन-तीन महिने थांबायचं, आणि ग्रेड एकाने घसरली तर सरळ तोटा. (दर बदलत असतात, तुमच्या दिवशीचे आकडे घाला.)

त्यामुळे माझा नियम असा: एक ग्रेड कमी धरूनही ग्रेड केलेली किंमत तसंच विकण्याच्या किमतीच्या दुपटीपेक्षा वर जात असेल तरच पाठवायचं. या नियमात दोन प्रकारची कार्डं बसतात. एक, मोठ्या नावाची रूकी किंवा पन्नासच्या दशकातली बडी नावं, ती कितीही झिजलेली असोत. क्लेमेंटेचं १९५५ चं कार्ड मधोमध घडी पडलेलं असलं तरी पाठवावं, कारण गिऱ्हाईक तिथं ‘हे अस्सल आहे’ या हमीचे पैसे देतं. दोन, कॉमन असलं तरी ८ किंवा वर जाईल अशी खात्री असलेलं कार्ड. संच पूर्ण करणारे त्यासाठी भांडतात. मधला सगळा भाग तसाच विकावा. दुसऱ्या खेपेला मी साठ-सत्तर कार्डांतून नऊ निवडली. आठांनी पैसे मिळवले.

पाठवणी

कंपन्या अनेक आहेत. युद्धोत्तर बेसबॉलला पीएसएच्या डबीला सहसा सगळ्यात चांगला भाव येतो. डबीला इथं स्लॅब म्हणतात. तंबाखूच्या जुन्या कार्डांच्या शौकिनांना एसजीसीची काळ्या पार्श्वभूमीची स्लॅब आवडते, आणि त्यात ही छोटी कार्डं खरंच उठून दिसतात. २०२४ पासून या दोन्ही कंपन्यांची मालकी एकच आहे. बेकेट आणि सीजीसी या कंपन्याही आहेत, पण जुन्या बेसबॉलसाठी मी पहिल्या दोघींच्या पलीकडे जात नाही. कधी नाव न ऐकलेल्या कंपनीच्या ‘१०’ ला बाजारात कुणी विचारत नाही.

संकेतस्थळावर खातं उघडून अर्ज भरायचा: वर्ष, संच, क्रमांक, खेळाडू आणि तुमच्या मते ग्रेड झाल्यावरची किंमत. या जाहीर किमतीवर सेवेचा दर ठरतो. कमी लिहून स्वस्तात बसवू म्हणाल तर ग्रेड चांगली आल्यावर फरक वसूल करतात, आणि वाटेत पाकीट हरवलं तर भरपाई तुम्ही लिहिलेल्या कमी किमतीचीच.

कार्ड पेनी स्लीव्हमध्ये, आणि स्लीव्ह कार्ड सेव्हर या अर्धकडक पाकिटात. कडक टॉपलोडर नको, त्यातून कार्ड काढताना कोपरा दुमडतो. वर कागदाची छोटी चिकटपट्टी लावा म्हणजे स्लीव्ह ओढायला सोपी जाते. अर्जातल्या क्रमानेच कार्डं लावा, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत धरा, बबल रॅप आणि मग खोकं. खोकं हलवल्यावर आत काही सरकता कामा नये. त्याआधी प्रत्येक कार्डाच्या दोन्ही बाजू स्कॅन करून ठेवा. माझ्या एका कार्डाच्या कोपऱ्याबद्दल पुढे वाद झाला, तेव्हा हे स्कॅनच कामी आले.

ग्रेड मनासारखी आली नाही तर डबी फोडून पुन्हा पाठवायचा मोह होतो. एकदा करून बघितलं, तोच आकडा परत आला आणि तीस डॉलर गेले.

विक्री

कॉमन कार्डं वर्षावार गठ्ठ्यांनी विका, पन्नास किंवा शंभरांचा एक लॉट. एकेक विकायला बसलात तर ताशी मजुरी निघत नाही. पन्नास ते दोन-तीन हजार डॉलरपर्यंतची कार्डं ईबेवर स्वतः विकणं परवडतं. त्यावरच्यांसाठी लिलावगृहांना विचारा: न्यू जर्सीत रॉबर्ट एडवर्ड ऑक्शन्स आहे, डॅलसमध्ये हेरिटेज. गिऱ्हाइकाकडून ते वेगळा अधिभार घेतात, त्यामुळे मोठ्या कार्डाला विक्रेत्याकडचं कमिशन कमी करून मागता येतं. बिनधास्त मागा. गावातल्या दुकानदाराला सगळं एकदम देणं हा वाईट पर्याय नाही, पण तो बाजारभावाच्या निम्मं ते सत्तर टक्के देणार. त्यालाही दुकान चालवायचंय.

भाव माहीत असलेलं, वारंवार विकलं जाणारं कार्ड लिलावात टाका, सात दिवसांच्या, रविवारी संध्याकाळी संपणाऱ्या. ज्याचं गिऱ्हाईक क्वचित येतं त्याला ठरावीक किंमत आणि घासाघिशीची मुभा. बेसबॉलला मागणी हंगामाच्या तोंडावर मार्चपासून वाढते आणि कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेमच्या जुलैतल्या सोहळ्यापर्यंत टिकते. थंडीत विकू नका असं नाही, पण थांबता येत असेल तर थांबा.

मथळ्यात वर्ष, कंपनी, खेळाडू, क्रमांक, ग्रेड. ईबे ८० अक्षरं देतं, ती ‘अतिदुर्मिळ’ आणि उद्गारचिन्हांत घालवू नका. फोनच्या फोटोपेक्षा स्कॅन बरा, मात्र स्लॅब जाड असते आणि आजकालचे पातळ स्कॅनर काचेपासून उंच असलेली वस्तू धूसर दाखवतात. सीसीडी पद्धतीचा जुना स्कॅनर मिळाला तर घ्या. ग्रेड न केलेल्या कार्डाची प्रत्येक घडी, डाग, खूण लिहा आणि तिरप्या प्रकाशातला फोटो द्या. अवस्था स्वतःहून एक पायरी खाली सांगितली की परतीची कटकट येत नाही.

आणि एखादं गिऱ्हाईक गोड बोलून ‘ईबेबाहेर व्यवहार करू, दोघांचं कमिशन वाचेल’ म्हणालं की उत्तर द्यायचं नाही. चेक जास्त रकमेचा पाठवून फरक परत मागणारेही त्याच गोत्रातले.

टपाल

वीस डॉलरपर्यंतच्या कार्डाला ईबेचं स्टँडर्ड एन्व्हलप पुरतं, एका पाकिटाच्या खर्चात माग ठेवता येतो. त्यावर सगळं टपालखात्याच्या ग्राउंड ॲडव्हांटेजने. त्यात १०० डॉलरचा विमा असतोच, वरचा विकत घ्या. ७५० डॉलर किंवा अधिक असेल तर पोचताना सही घेणं बंधनकारक समजा, नाहीतर ‘मिळालंच नाही’ म्हटल्यावर ईबे तुमच्या बाजूने उभं राहत नाही. महागडी स्लॅब भरताना तिचा प्रमाणपत्र क्रमांक दिसेल असा छोटा व्हिडिओ घ्या. परत आलेली स्लॅब तीच आहे हे त्यानेच सिद्ध होतं.

कर

हा माझा प्रांत, म्हणून थोडं रेंगाळते. ईबे वर्षाला २०,००० डॉलर आणि २०० व्यवहार ओलांडल्यावरच संघराज्याच्या नियमाने १०९९-के हा मिळालेल्या पैशांचा करविषयक फॉर्म पाठवतं, काही राज्यांची मर्यादा याहून बरीच कमी आहे. फॉर्म आला नाही म्हणजे कर नाही, असं मात्र नसतं. संग्राह्य वस्तू वर्षापेक्षा जास्त ठेवून विकली तर नफ्यावर २८ टक्क्यांपर्यंत कर बसू शकतो, शेअरसारखा १५ किंवा २० वर थांबत नाही.

पण वारशाने आलेल्या वस्तूची खरेदी किंमत म्हणजे मालक वारला त्या दिवशीचा बाजारभाव. आजोबांनी १९५५ मध्ये गमच्या पुड्यासाठी मोजलेली पाच सेंटांची नाणी इथं हिशेबात येत नाहीत. म्हणून मी त्या तारखेच्या आसपासचे ईबेवरचे आणि लिलावांतले भाव उतरवून ठेवले. त्यातून ग्रेडिंग, टपाल आणि कमिशन वजा केल्यावर करपात्र असं फारसं उरलंच नाही. भेट म्हणून जिवंतपणी दिलेल्या कार्डाला ही सवलत नाही, तिथं देणाऱ्याची मूळ किंमतच चालते. प्रत्येक कार्डाला एक ओळ: कुठून आलं, त्या दिवशीचा भाव, खर्च, विक्री, तारीख. आणि रक्कम मोठी असेल तर तुमच्या सीपीएला, म्हणजे हिशेबनीसाला, दाखवा.

उरलेलं

आजींचं सगळं विकून व्हायला सात महिने लागले. पीट रोझचं तेवढं कार्ड त्यांनी दिलं नाही, आजोबांना तो माणूस अजिबात आवडायचा नाही आणि त्यावर त्यांनी पेनने मिश्या काढल्या होत्या.

जंक वॅक्सचं काय करायचं, हा प्रश्न राहतो. गावातल्या वाचनालयाला, मुलांच्या इस्पितळाला किंवा लिटल लीगच्या संघाला विचारा, काही जण घेतात. शंभर-शंभरांचे लॉट पाच डॉलरला लावून बघा, टपालखर्च गिऱ्हाइकाकडे. आमच्या तळघरात मुलाची १९८९ ते १९९२ ची चार खोकी आहेत. तो टाकून दे म्हणतो, आणि मी खरंच उचलली की गाडीपर्यंत मागे येऊन एकदा बघू दे म्हणतो.